हेतू पारखावा, पण घाई नको

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. अशा दिवसांत पाळकाच्या दारी आलेला माणूस प्रार्थना मागतो आणि मुकादमाची उचल फेडायला हातउसने पैसेही. त्यात लबाडी असेलच असे नाही. गरज आणि श्रद्धा एकाच मनात नांदतात. १८७६–७८च्या दुष्काळानंतर शेजारच्या नगर जिल्ह्यात बाप्तिस्म्याची मागणी वाढली, तेव्हाही मिशनऱ्यांपुढे हाच पेच होता.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा जादूगार पैसे देऊन आत्मिक अधिकार मागतो. पेत्र त्याला तोंडावर सुनावतो आणि पश्चात्तापाची वाटही दाखवतो. हा निवाडा शिमोनाच्या उघड मागणीवरून झाला, कुजबुजीवरून नव्हे.

म्हणून मंडळीच्या पुढाऱ्याने मदत आणि पद यांची गाठ घालू नये. भुकेल्याला धान्य आजच द्यावे. पद देताना मात्र वेळ घ्यावा. तीमथ्याला पौलाने हीच सूचना केली होती. नकार मिळाल्यावर माणूस कसा वागतो, कुणी पाहत नसताना सतरंज्या उचलतो का, हिशेब विचारल्यावर चिडतो का, हे पाहावे. शंका आली तर चारचौघांत न बोलता त्यालाच एकांतात विचारावे. आणि त्याआधी स्वतःचा हेतू तपासावा.