शालेय मानसोपचार आणि विद्यार्थ्याची भाषा

शाळेत मानसोपचाराची सोय करणे म्हणजे एक खोली देणे व एक समुपदेशक नेमणे, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. विद्यार्थी आपली व्यथा कोणत्या शब्दांत मांडतो, हा प्रश्न गौण मानला जातो. वस्तुतः उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.

या दृष्टीने गोव्यातील 'संगाथ' संस्थेच्या संशोधकांनी दिल्लीच्या सहा सरकारी माध्यमिक शाळांत केलेला व २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्बोधक आहे. त्यातील २५१ विद्यार्थ्यांपैकी एका गटास समस्या-निवारणाच्या केवळ पुस्तिका मिळाल्या. दुसऱ्या गटास समुपदेशकाच्या चार-पाच भेटी लाभल्या. परिणाम दोन मापांनी मोजला गेला : एक ठराविक प्रश्नावली, आणि दुसरे, विद्यार्थ्याने स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता. सहा आठवड्यांनंतर पहिल्या मापाने दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. दुसऱ्या मापाने मात्र समुपदेशन लाभलेल्या गटाची प्रगती अधिक ठरली.

एवढ्यावरून प्रश्नावली त्याज्य ठरत नाही. तथापि 'परीक्षा जवळ आली की पोटात गोळा येतो' या उद्गारास घाईने 'चिंताविकार' हे नाव दिले, तर परीक्षा, शरीर व भीती यांचा मुलाने स्वतः जोडलेला संबंध लोपतो; आणि सोडवावयाची गाठ नेमकी तीच असते. असा मुलगा पुन्हा बोलेलच, याची शाश्वती नाही. म्हणून समुपदेशकाने प्रथम मुलाचे वाक्य जसेच्या तसे टिपून घ्यावे. निदानाची संज्ञा मागाहून येऊ शकते.