शक्तिवर्धकातील अपव्यय आणि डोहर्टी यांची युक्ती

नभोवाणी प्रक्षेपकाच्या अखेरच्या टप्प्यातील शक्तिवर्धकाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. आवाजाचे चढउतार त्याने यथातथ्य वाढवावेत आणि विजेचा अपव्ययही टाळावा.

५० किलोवॅट वाहक लहरीचे एक केंद्र घेऊ. आवाजानुसार या लहरीची उंची कमीजास्त होते. ती जास्तीत जास्त दुप्पट झाली, तर शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे चौपट, म्हणजे २०० किलोवॅट होते. अर्थात नलिका या क्षणिक शिखरास पुरेल अशीच योजावी लागते. परंतु एरवी तिच्यातील विद्युत्‌दाबाचे आंदोलन निम्मेच असते आणि कार्यक्षमताही सुमारे एकतृतीयांशावर उतरते. ५० किलोवॅट प्रक्षेपित करण्यासाठी १५० किलोवॅट खर्ची पडतात. उरलेल्या १०० किलोवॅटांची उष्णता होऊन नलिका तापतात व त्यांना थंड राखण्याचा भार वाढतो.

अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेचे विल्यम डोहर्टी यांनी १९३६ साली यावर उपाय मांडला. घाट लागला की गाडीस जादा बैलजोडी जुंपावी, तसाच हा उपाय होय. त्यांनी दोन नलिका योजल्या. नुसत्या वाहक लहरीच्या वेळी पहिली नलिका एकटीच, पण पूर्ण आंदोलनाने काम करते. लहर त्याहून उंच होऊ लागताच दुसरी जागी होते.

खरी मेख दोहोंमधील पाव तरंगलांबीच्या जोडणीत आहे. दुसऱ्या नलिकेचा प्रवाह भारात येऊ लागला की त्या टोकाचा संरोध वाढल्यासारखा होतो. ही जोडणी तो उलटवते आणि पहिल्या नलिकेस तो घटलेला भासतो. त्यामुळे दाब न वाढवताच ती ५० ऐवजी १०० किलोवॅट देते. उरलेले १०० दुसरी पुरवते. जोडणीमुळे होणारा पाव आवर्तनाचा विलंब दुसऱ्या नलिकेच्या आदानात तेवढाच विलंब ठेवून भरून काढतात.

यामुळे कार्यक्षमता ६० टक्क्यांवर गेली. १५० किलोवॅटांचे काम सुमारे ८३ मध्ये भागले. १९३८ साली लुइव्हिल येथील डब्ल्यूएचएएस केंद्रात असा ५० किलोवॅटचा प्रक्षेपक बसविण्यात आला. पुढे निर्वात नलिकांची जागा ट्रान्झिस्टरांनी घेतली, तरी ही युक्ती टिकून राहिली. मोबाइल दूरध्वनीच्या मनोऱ्यांवरील संदेशांतही क्षणिक शिखरे सरासरीहून फार उंच असतात. म्हणूनच तेथील शक्तिवर्धकांत आज हीच रचना मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.