चुलीचा धूर आणि आखाती गॅस

वेल्हे परिसरातील विंझरच्या जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. खनिज तेल तयार होते ते गाळाच्या खडकांत, गाडल्या गेलेल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांपासून. त्यामुळे सह्याद्रीत तेल नाही. पण मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडकात ते १९७४ मध्ये सापडले. ते क्षेत्र म्हणजे ‘बॉम्बे हाय’.

तरीही देशाची गरज भागत नाही. भारत ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. स्वयंपाकाच्या गॅसपैकीही निम्म्याहून अधिक बाहेरून, मुख्यतः आखाती देशांतून येतो. जगातील ज्ञात तेलसाठ्यांपैकी जवळपास निम्मे पश्चिम आशियातच आहेत.

सिलिंडर महागला की अनेक खेड्यांत तो पुरवून वापरला जातो. चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. त्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. बायकांना दीर्घकालीन श्वसनविकाराचा, लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. गॅस पुरवायचाच असेल, तर निदान पाणी अंगणात तापवावे, सरपण वाळलेले घ्यावे आणि घरातल्या चुलीजवळ तान्हे मूल घेऊन बसू नये.