शकुंतलेची अंगठी, आदिपर्वापासून टिटवाळ्यापर्यंत

आंबिवलीच्या पुढचं स्टेशन टिटवाळा. तिथे कण्वांचा आश्रम होता; दुर्वासांच्या शापामुळे दुष्यंत शकुंतलेला विसरला, तेव्हा कण्वांनी तिला गणपतीची आराधना करायला सांगितली आणि तिचा मोडलेला संसार सावरला, अशी स्थळकथा आहे. संकष्टीला तिथल्या गणपतीच्या दर्शनासाठी आंबिवलीहून गाडीत चढणाऱ्यांना ती तोंडपाठ असते. एवढ्याशा कथेत साहित्याचे किती थर आहेत!

सगळ्यात खालचा थर महाभारताचा. आदिपर्वात ना शाप आहे, ना अंगठी. तिथला दुष्यंत काहीच विसरलेला नाही; लोक काय म्हणतील म्हणून तो ओळख नाकारतो. शकुंतला त्याला भर सभेत खडसावते आणि अखेर आकाशवाणी निवाडा करते. कालिदासाने आपल्या 'शाकुंतल' नाटकात शाप आणला, ओळख पटवणारी अंगठी आणली, ती गिळणारा मासा आणि तो पकडणारा कोळीही आणला. राजा दोषमुक्त झाला, शकुंतलेची धार मात्र बोथटली.

१७८९ मध्ये विल्यम जोन्सने हे नाटक इंग्रजीत नेलं, १७९१ मध्ये फोर्स्टरने जर्मनमध्ये, आणि जर्मन कवी गटे भारावून गेला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. कालिदासाचे श्लोक साक्या-दिंड्यांच्या चालींत उतरले आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. १९४३ मध्ये व्ही. शांतारामांनी 'शकुंतला' पडद्यावर आणली.

प्रत्येक संहिता इतर संहितांच्या धाग्यांनी विणलेली असते, हे समीक्षक ज्युलिया क्रिस्तेवाने रशियन अभ्यासक बाख्तिनच्या आधाराने १९६०च्या दशकात मांडलं. मराठी समीक्षेत त्याला आंतरसंहितात्मकता म्हणतात. टिटवाळ्याची कथा याचा चोख नमुना आहे. तिने शाप कालिदासाकडून घेतला, पण पुनर्मीलनाचं श्रेय अंगठीकडून काढून गणपतीला दिलं. जळगावजवळचं कानळदा आणि उत्तराखंडातलं कोटद्वारही कण्वाश्रमाचा मान सांगतात; कथेला आपल्या गावात आणणं हीदेखील तिची नवी आवृत्तीच.

हा प्रवास उलट दिशेनेही चालतो. आज आदिपर्व उघडणारा वाचक तिथे अंगठी शोधतो. ती नाही म्हणून मूळ कथाच त्याला अपुरी वाटते. नंतरची संहिता आधीचीला जिवंत ठेवते, तशी झाकूनही टाकते. म्हणून शाकुंतलावर प्रेम करणाऱ्याने एकदा आदिपर्वातली सभा वाचावी. स्वतःची बाजू मांडायला तिथल्या शकुंतलेला अंगठीची गरज पडत नाही.