विस्मरणाआधीचा हिशेब

बहुतेक वृद्धाश्रमांच्या प्रवेश-अर्जात एक अट असते: येणारी व्यक्ती स्वतःची कामे स्वतः करणारी असावी. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 19व्या शतकात उभ्या राहिलेल्या ‘निवारा’पासून 1995 च्या ‘मातोश्री’ वृद्धाश्रम योजनेपर्यंत आपल्याकडे वृद्धांच्या आसऱ्याचा विचार झाला तो निराधारपणाच्या अंगाने. स्मृतिभ्रंश नेमका या चौकटीत बसत नाही. मुले असतात, घर असते, पेन्शन असते, आणि तरीही आंघोळ कशी करायची हे माणूस विसरलेला असतो. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांना सांभाळणारी छोटी निवासी केंद्रे आता पुण्या-मुंबईच्या परिसरात दिसू लागली आहेत. या संस्थेकडे आपण मुलांच्या कर्तव्याच्या तराजूतून पाहतो; आईला ‘सांभाळले’ की ‘ठेवले’, एवढेच विचारतो. माझे म्हणणे असे, की हा निर्णय मुळात मुलांचा नाहीच. ज्याचा त्याने, शुद्ध शाबूत असताना, स्वतःच्या पैशांचा हिशेब मांडून तो घ्यायचा आहे. उशीर झाला की तो घेता येत नाही, आणि याची कारणे भावनेपेक्षा व्यवहारात आणि कायद्यात जास्त आहेत.

अशा केंद्राची फी नेमकी कशाची असते ते आधी पाहू. आठवड्याचे तास 168. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो असे धरले, तर चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. वीस रहिवाशांच्या केंद्रात कोणत्याही क्षणी चार मावशी-मामा जागे आणि हजर असावेत असे ठरवले, की पगारपत्रकावर चौदा जण आले. प्रत्येकाला 15,000 रुपये दिले असे मानून चाला: महिन्याला 2 लाख 10 हजार, म्हणजे दर रहिवाशामागे 10,500. यात रजा, आजारपण, भविष्यनिर्वाह निधी नाही. परिचारिका, डॉक्टर, स्वयंपाक, धुणे, डायपर, जागेचे भाडे नाही. फी फारच कमी वाटली तर काटछाट कुठे झाली असणार, हे या गणितातून कळते. ती माणसांत होते, आणि बहुधा रात्रपाळीत. माणसे कमी पडली की शौचाला नेण्याऐवजी डायपरवर भागवले जाते, कूस बदलायची राहून जाते, पाठीला जखमा होतात, फिरणाऱ्या आजोबांना खुर्चीला बांधले जाते किंवा झोपेची गोळी वाढते. म्हणून केंद्र निवडताना बागेपेक्षा, रंगीत भिंतींपेक्षा, रात्री दोन वाजता किती जण जागे असतात आणि मावशी किती वर्षे टिकतात हे विचारावे. स्मृतिभ्रंशात अनेकांची घालमेल संध्याकाळी वाढते. ‘घरी जायचंय’ हा धोशा तेव्हाच सुरू होतो. भेट द्यायची तर ती त्या वेळी द्यावी. सकाळी अकराला सगळीच केंद्रे शांत दिसतात. ‘महारेरा’ने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले ते चांगलेच झाले, पण ते रुंद दारे, उतार, कठडे यांविषयीचे आहेत. पाळीवर किती मावशी आहेत हे त्यात येत नाही. ती मोजणी आपल्यालाच करावी लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो घराचा. घरी ब्युरोची बाई ठेवली तर स्वस्त पडते, शिवाय आपल्या माणसांत राहणे होते. यातले दुसरे कारण मी मनापासून मान्य करतो. आजाराच्या पहिल्या टप्प्यात ओळखीची भिंत, नेहमीची खुर्ची, देवघराची जागा यांचा आधार मोठा असतो, आणि तेव्हा घर सोडायला लावणे चुकीचेच. ‘स्वस्त’ हा शब्द मात्र तपासून पाहायला हवा. वरचेच साडेतीन माणसांचे गणित घरी एका व्यक्तीसाठी लागू होते. ते स्वस्त वाटते, कारण उरलेले तास बायको, मुलगी किंवा सून भरते आणि त्या तासांची किंमत आपण शून्य धरतो. तिने सोडलेली नोकरी, तिची न झालेली झोप, तिची स्वतःची पाठदुखी कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. ही किंमत धरून तुलना केली, तर मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात केंद्र महाग ठरेलच असे नाही.

तरीही रक्कम मोठी असते, आणि ती किती वर्षे लागेल हे ठाऊक नसते. अल्झायमरच्या निदानानंतर माणूस सरासरी चार ते आठ वर्षे जगतो, काही जण वीसपर्यंत. महिना 40,000 रुपये फी दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढत गेली, तर आठ वर्षांत सुमारे 51 लाख लागतात आणि नवव्या वर्षाअखेर फीच दुप्पट होते. आरोग्यविमा इथे कामाचा नाही. तो रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च देतो, रोजच्या सांभाळाचा नाही. सत्तरीपुढच्यांसाठी 2024 मध्ये सुरू झालेले ‘आयुष्मान’चे पाच लाखांचे संरक्षणही रुग्णालयापुरतेच. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल 30 लाख ठेवता येतात, 8.2 टक्के दराने तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 मिळतात. व्याज तिथेच थांबते, फी चढत जाते. मध्यमवर्गीय कुटुंबात ही दरी भरून काढील अशी एकच गोष्ट बहुधा असते, ती म्हणजे राहता फ्लॅट. तो भाड्याने देता येतो, विकता येतो, 2007 पासून उपलब्ध असलेल्या उलट गृहकर्जासाठी बँकेकडे तारण ठेवता येतो. फक्त सही फ्लॅटच्या मालकाची लागते.

आणि खरी अडचण या सहीत आहे. अनेक घरांत मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून ठेवलेले असते आणि सगळे निश्चिंत असतात. पण भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार ते करून देणाऱ्याची मती सारासार विचाराच्या पलीकडे गेली, की तो अधिकारच संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडमध्ये, सिंगापूरमध्ये अशा अवस्थेत टिकणारे मुखत्यारपत्र आहे, आपल्याकडे नाही. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र मृत्यूनंतर उपयोगी पडतात, विस्मरणात नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली उपचारांविषयी आगाऊ सूचना लिहून ठेवता येते, पण मालमत्तेची व्यवस्था त्या कायद्यात नाही. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. फ्लॅट आईचा, गरज आईची, आणि पैसे मात्र अडकलेले. शुद्ध शाबूत असताना करण्यासारखे पुष्कळ आहे. बँकेची खाती दोघांपैकी कोणालाही चालवता येतील अशी करणे, किंवा फ्लॅट आणि ठेवी खासगी न्यासात घालून लाभार्थी स्वतःच राहणे: न्यास मालकाच्या विस्मरणाने मोडत नाही. मुद्रांक शुल्क आणि कर यांचा सल्ला वकिलाकडून आधी घ्यावा लागतो, एवढेच. घर मुलाच्या नावावर करून टाकणे हा सोपा वाटणारा मार्ग मला धोक्याचा वाटतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवता येते हे खरे, पण त्यासाठी न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागते, आणि ज्याला मुलाचे नाव आठवत नाही तो तिथे काय सांगणार?

ज्यांच्याकडे फ्लॅटच नाही त्यांचे काय, हा आक्षेप सगळ्यांत जड आहे. माझ्या युक्तिवादाची मर्यादा तिथे उघड होते. याच 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निर्धन वृद्धांसाठी आश्रम स्थापन करण्याची तरतूद आहे, पण शब्दयोजना राज्याला मुभा देणारी आहे, बंधन घालणारी नाही. मुलांकडून मिळू शकणाऱ्या निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा कायद्याने महिना 10,000 ठरवली; त्यात वर मोजलेल्या मावशींचे पगारही पुरते भागत नाहीत. जपानने 2000 मध्ये चाळिशीपासून सक्तीने हप्ता घेणारा सांभाळ-विमा सुरू केला, जर्मनीने 1995 मध्ये. असे काही इथे व्हायलाच हवे असे मला वाटते. ते होईपर्यंत ज्यांना शक्य आहे त्यांनी आपली सोय आपण केली, तर निदान घरातल्या एका बाईचे आयुष्य तरी त्या खर्चात जाणार नाही.

वडिलांशी हा विषय काढायचा कसा, असे मुले विचारतात. मला वाटते, तो वडिलांनीच काढावा, पासष्टीच्या आसपास, जसा मृत्युपत्राचा काढतात तसा. दोन-तीन केंद्रे स्वतः जाऊन बघावीत आणि पसंती लिहून ठेवावी. पैशांच्या कागदांबरोबर आणखी एक पान हवे. चांगले केंद्र प्रवेशाच्या वेळी नातेवाइकांना ते भरायला सांगते आणि नातेवाईक अर्धेच भरू शकतात: चहात साखर किती, अंघोळ सकाळी की रात्री, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, अंधाराची भीती वाटते का, कोणते गाणे लागले की जीव शांत होतो. अनोळखी मावशीला पुढची पाच वर्षे त्या पानाच्या आधाराने त्या माणसाशी बोलायचे असते.