बांबूचं बेट: आधी आतलं काढा, कडेचं राहू द्या

आजच्या भागाचा विषय आहे परसातला बांबू. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, पण गावी कुडाळजवळ आमच्या घरामागे माणग्याचं बेट आहे. माणगा म्हणजे कोकणातला बिनकाट्याचा, भरीव बांबू. दोन वर्षांपूर्वी मी ते बेट जवळजवळ बिघडवलंच होतं.

झालं असं, की आईला काकडीच्या मांडवासाठी काठ्या हव्या होत्या. मी कोयती घेतली आणि कडेच्या, हाताशी येतील त्या काठ्या तोडल्या. पुढच्या पावसाळ्यात कोंब आले फक्त तीन, तेही बारीक. शेजारचे काका म्हणाले, "अरे, पोरं कापलीस नि म्हातारे ठेवलेस!"

खरंच होतं ते. दर पावसाळ्यात जमिनीखालच्या कंदातून नवे कोंब बेटाच्या कडेला येतात. म्हणून जुन्या काठ्या मध्ये, तरण्या बाहेर. आणि पुढचे कोंब मुख्यतः या तरण्यांच्या कंदातूनच फुटतात. जुना कोड ठेवून नवा उडवला तर काय होईल? तेच झालं.

अजून एक गंमत. बांबू नंतर जाड होत नाही. कोंब ज्या जाडीचा वर येतो, तीच कायमची. काही महिन्यांत उंची पूर्ण होते, मग दोन-तीन वर्षं काठी फक्त टणक होत जाते. बारीक कोंब म्हणजे बेट अशक्त.

मग करायचं काय?

वय ओळखा. पहिल्या वर्षीची काठी हिरवीगार, अंगावर पांढरट भुकटी. 3 वर्षांपुढची मळकट, डाग पडलेली. तीच तोडायची.

दिवाळीनंतर थंडीत तोडा. एका बाजूने आत वाट करा, घोड्याच्या नालासारखी. घाव जमिनीलगतच्या पेराच्या लगेच वर घाला, म्हणजे खुंटात पाणी साचणार नाही.

गळलेली पानं जाळू नका, बुंध्यातच पसरा. नव्या रोपाला पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, पण तुंबू देऊ नका. घराच्या भिंतीपासून निदान 10 फूट लांब लावा.

गेल्या थंडीत काकांना सोबत घेऊन आतल्या जुन्या काठ्या काढल्या. यंदा नऊ कोंब आलेत, कडेला, चांगले जाडजूड. मांडवाची काकडी मात्र अजून आईच्याच हातची!

तुमच्याकडे बेट असेल, तर आज फक्त आत डोकावून बघा. पुढच्या भागात भेटूच.