बोटावरची शाई आणि ‘इनडेलिबल’चा अर्थ

मतदान होऊन महिना उलटला की एक तक्रार हमखास कानावर येते : “कसली इनडेलिबल शाई? गेली की!” मग शाईत भेसळ होती, निवडणुकीतच गडबड होती, इथपर्यंत मजल जाते. दर निवडणुकीला हेच. दोष शाईचा नाही, शब्दाच्या चुकीच्या समजुतीचा आहे.

‘इनडेलिबल’ म्हणजे जन्मभर टिकणारं, असं लोक धरून चालतात. शब्दाचं मूळ मात्र लॅटिन ‘डेलेरे’, म्हणजे पुसून टाकणं. कॉम्प्युटरवरचं ‘डिलीट’ त्याच कुळातलं. त्याला नकार जोडला की झालं ‘पुसता न येणारं’. हा नकार पुसण्याला आहे. आपोआप झिजण्याला नाही.

शाई नेमकं हेच करते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट त्वचेतल्या क्षारांशी संयोग पावतं आणि उजेडात काळं पडतं. तो डाग त्वचेच्या वरच्या पेशींतच बसतो, म्हणून साबणाने घासून काही होत नाही. पण त्या पेशी गळणारच, आणि डागही त्यांच्याबरोबर जाणार. ओली असताना पुसली तर ती फिकी पडू शकते, हे खरं. म्हणूनच मतदार बाहेर पडण्याआधी खूण वाळल्याची खात्री करून घ्यायची असते. म्हैसूरच्या कारखान्यातली ही शाई 1962 पासून वापरात आहे आणि तिचं काम त्याच निवडणुकीत कुणी दुसऱ्यांदा मत देऊ नये, एवढंच. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर महाराष्ट्र सरकारने याच शाईचे शिक्के मारले, तेव्हा ते जन्मभर राहावेत असं कुणालाच वाटत नव्हतं.

आपल्या बातम्यांतली ‘अमिट शाई’ गोंधळ वाढवते. हा हिंदीचा उसनवार शब्द. मराठीत डोळे मिटतात, भांडण मिटतं. डाग पुसला जातो. ‘न पुसणारी शाई’ म्हटलं की अर्थ आपोआप बरोबर येतो. काही जण तर ‘अवीट ठसा’ लिहितात. अवीट म्हणजे ज्याचा वीट येत नाही ते. गोडी अवीट असते, ठसा नव्हे.

कायमचा अर्थ या शब्दाला मुळीच नाही, असंही नाही. कॅथलिक धर्मशास्त्रात बाप्तिस्म्याने आत्म्यावर उमटणारी खूण इनडेलिबल मानतात. 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तसं ठरवलं. त्यामुळे बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देत नाहीत. आठवणींबद्दल बोलतानाही हाच अर्थ असतो, मग आठवण सुखाची असो वा दुःखाची. हा शब्द फक्त कौतुकाचा, ही समजूतही चूक.

 

पुन्हा बोटाकडे वळू. कातडीवरची शाई आधी जाते. नखावरची काळी रेघ नखाबरोबर पुढे सरकत राहते, महिन्याला साधारण 3 मिलिमीटर, आणि शेवटी नेलकटरने कापली जाते.